पहिला पगार आणि पहिली पॉलिसी

(नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



नोकरी लागल्याची बातमी नातेवाइकांत पसरली की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे पेढे, आणि दुसरी म्हणजे नात्यातल्या कुठल्यातरी काकांचा फोन. "अभिनंदन! पगार सुरू झाला ना? मग एक पॉलिसी काढून टाकू. टॅक्स वाचेल आणि बचतही होईल." काका आपलेच असतात, त्यांचा हेतूही वाईट नसतो. आई म्हणते, "अरे, घरचा माणूस आहे, नाही कसं म्हणायचं?" मग मोबाइलवर ओटीपी येतो, तो आपण सांगतो, आणि पुढची वीस वर्षं भरायचा हप्ता पाच मिनिटांत कबूल करून मोकळे होतो.

काकांना नाही कसं म्हणायचं, हे शिकवायला मी आलेलो नाही. त्याआधी स्वतःला कोणता प्रश्न विचारायचा, एवढंच सांगणार आहे. तो प्रश्न असा: माझ्या बाबतीत असं काय घडू शकतं, ज्याचा खर्च मला आणि माझ्या घराला झेपणार नाही? मोबाइल फुटला तर वाईट वाटतं, पण घर बुडत नाही. ज्याने घर बुडेल, त्याचा विमा आधी.

बावीस-तेवीस वर्षांच्या माणसासाठी अशा गोष्टी तीनच आहेत. स्वतःचं किंवा आईवडिलांचं मोठं आजारपण, अपघातात आलेलं कायमचं अपंगत्व, आणि आपण गेल्यावर मागे राहणारं कर्ज. बहुतेक जण यातली तिसरी गोष्ट आधी करतात, आणि तीही चुकीच्या पद्धतीने. आपण क्रमाने जाऊ.

ऑफिसचा मेडिक्लेम ऑफिसचा असतो

एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्याची एक मुलगी हिंजवडीत नोकरीला लागली. ऑफिसचा तीन लाखांचा मेडिक्लेम आहे, त्यात आईवडीलही आहेत. वडिलांना मधुमेह आहे, तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. तिला वाटतं, झालं, आता वेगळं काही करायला नको.

तीन वर्षांनी ती नोकरी बदलते. जुनं ऑफिस महिनाअखेरीला सुटलं, नवं तीन आठवड्यांनी सुरू होणार. या तीन आठवड्यांत तिच्या नावावर कुठलीही पॉलिसी नाही. नेमकं तेव्हाच वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तर? किंवा काहीच झालं नाही, पण नव्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील नाहीतच. आता ती वडिलांसाठी पॉलिसी घ्यायला जाते, तर ते तीन वर्षांनी मोठे झालेले आहेत, साखर वाढलेली आहे, बीपीची गोळीही सुरू झाली आहे. हप्ता जास्त पडतो. शिवाय मधुमेहाशी संबंधित खर्चासाठी आणखी काही वर्षं थांबावं लागतं.

या थांबण्यालाच वेटिंग पिरियड, म्हणजे प्रतीक्षाकाळ म्हणतात. आरोग्य विम्यातली समजून घ्यायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. तो तीन प्रकारचा असतो. पॉलिसी घेतल्यापासून पहिले ३० दिवस, यात फक्त अपघाताचा खर्च मिळतो. दुसरा ठरावीक आजारांसाठी, म्हणजे मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचं प्रत्यारोपण वगैरे. तिसरा आधीपासून असलेल्या आजारांसाठी. दुसरा आणि तिसरा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती.

आता त्या मुलीचा हिशेब उलटा मांडून बघा. नोकरी लागली त्याच वर्षी तिने वडिलांसाठी स्वतंत्र पॉलिसी घेतली असती, तर प्रतीक्षाकाळाची तीन वर्षं ऑफिसच्या छत्राखाली निघून गेली असती. त्या काळात काही झालं असतं तर ऑफिसच्या मेडिक्लेमने भागलं असतं, आणि ऑफिस सुटलं त्या दिवशी स्वतःची पॉलिसी पूर्ण तयार असती. आजच्या सगळ्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: ऑफिसचा विमा आहे तोवरच स्वतःचा सुरू करायचा. विम्यात पैशाइतकीच वेळही विकत घ्यावी लागते, आणि ती गरज पडल्यावर मिळत नाही.

तुमचं स्वतःचंही तसंच आहे. बाविशीत पाच लाखांच्या साध्या आरोग्य विम्याचा हप्ता शहर आणि कंपनीप्रमाणे बदलतो, पण बहुतेक ठिकाणी तो महिन्याला हजार रुपयांच्या आत बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटीही काढून टाकला आहे. आधी तो १८ टक्के होता.

आईवडिलांना आणि स्वतःला एकाच कौटुंबिक पॉलिसीत घालू नका. अशा पॉलिसीचा हप्ता सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, आणि विम्याची रक्कम सगळ्यांत मिळून एकच असते. त्यांची पॉलिसी वेगळी, तुमची वेगळी.

आणि समजा, आधी काहीच केलं नाही आणि आता नोकरी सोडायची आहे. तर राजीनाम्याच्या नोटीसच्या काळातच एचआरला विचारा की ग्रुप पॉलिसी कुठल्या विमा कंपनीची आहे. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, आणि पूर्ण झालेल्या प्रतीक्षाकाळाचं श्रेय मिळतं. पण हे ऑफिस सुटायच्या आत करायचं. सुटल्यावर हात चोळत बसावं लागतं.

पगार कमी असेल तर

सगळ्यांचीच सुरुवात मोठ्या पॅकेजने होत नाही. तुमचा पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि कंपनीला राज्य कामगार विमा योजना लागू असेल, तर पगाराच्या पावतीवर 'ईएसआय' नावाची छोटी कपात दिसेल. तुमच्याकडून ०.७५ टक्के जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्यात तुमचा आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांचा औषधोपचार येतो, आणि आजारपणात बुडालेल्या पगाराचाही काही भाग मिळतो. कित्येक मुलं कपात बघतात, पण कार्डच काढत नाहीत. आधी ते कार्ड काढा.

आपल्या राज्यात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२४ पासून ती सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली झाली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळू लागलं. अट अशी की उपचार योजनेच्या यादीतला हवा आणि रुग्णालय योजनेत सहभागी हवं. अशा रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतात, त्यांना थेट जाऊन भेटायचं. आजी-आजोबा सत्तरीच्या पुढे असतील, तर उत्पन्न कितीही असो, ते आयुष्मान भारत योजनेत पात्र आहेत. त्यांचं कार्ड या रविवारीच काढून टाका. तुमच्या पहिल्या पगारातून एक रुपयाही खर्च न करता घरासाठी करता येण्यासारखं हे काम आहे.

पाच लाखांची पॉलिसी म्हणजे पाच लाख मिळतीलच असं नाही

पॉलिसी घेताना सगळे हप्ता आणि विमा रक्कम बघतात. तिसरी बघायची गोष्ट म्हणजे खोलीच्या भाड्याची मर्यादा. इथे बरेच लोक फसतात, म्हणून आकडेच मांडतो.

समजा, पॉलिसी तीन लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही ६,००० रुपयांची खोली घेतली आणि पाच दिवस राहिलात. आपल्याला वाटतं, वरचे तीन हजार गुणिले पाच, म्हणजे १५,००० रुपये आपल्या खिशातून जातील. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च, ऑपरेशन थिएटरचे पैसे हे बऱ्याच रुग्णालयांत खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलतात. खोली दुप्पट दराची, म्हणून हा खर्चही कंपनी निम्माच देते. बिल असं धरा: खोली ३०,०००, डॉक्टर आणि शस्त्रक्रिया १,२०,०००, औषधं आणि तपासण्या ४०,०००. एकूण १,९०,०००. कंपनी देणार खोलीचे १५,०००, शस्त्रक्रियेचे ६०,०००, आणि औषधं-तपासण्यांचे पूर्ण ४०,०००, कारण त्यांना ही कपात लागत नाही. हे झाले १,१५,०००. तुमच्या खिशातून गेले ७५,०००.

म्हणून शक्यतो खोलीभाड्याची मर्यादा नसलेली, किंवा 'सिंगल खोली चालेल' असं लिहिलेली पॉलिसी घ्या. जुनी मर्यादेची पॉलिसी असेल तर भरती होतानाच मर्यादेतली खोली मागा. सोबत 'को-पे' हा शब्द शोधा. को-पे २० टक्के असेल तर मंजूर रकमेतलाही पाचवा हिस्सा दर वेळी तुम्हीच भरायचा. आणि घराजवळची, गावाकडची दोन-तीन चांगली रुग्णालयं कॅशलेसच्या यादीत आहेत का, हे बघा. तुम्ही पुण्यात राहता, पण आईवडील कराडला राहतात ना? मग यादी कराडची बघायची.

फॉर्ममध्ये खरं लिहा

प्रपोजल फॉर्ममध्ये आजारांचे प्रश्न असतात. दमा? थायरॉइड? फिट येतात का? कधी ऑपरेशन? तंबाखू, सिगारेट? एजंट घाईत असतो, तो सगळीकडे 'नाही' टिकमार्क करतो आणि म्हणतो, "हे लिहिलं तर कंपनी अडवते, कशाला उगाच." त्यावर तुमची सही असते, त्याची नाही. दाव्याच्या वेळी रुग्णालयाच्या कागदांवर 'लहानपणापासून दमा' असं डॉक्टर लिहितात. ते तर खरंच लिहिणार! मग दावा अडकतो, आणि एजंटचा फोन लागत नाही.

महिन्यातून दोन सिगारेटी ओढत असाल तरी लिहा. मावा, गुटखा खात असाल तरी लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण पॉलिसी खरी राहील. आरोग्य विम्यात सलग पाच वर्षं झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर, माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. आयुर्विम्यात विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीबद्दल शंका काढता येत नाही. पण तोवरच्या काळात तुम्हाला वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे खरं उत्तर.

पॉलिसी हातात आली की भरलेल्या फॉर्मची प्रत वाचा. चूक असेल तर लेखी कळवून दुरुस्त करून घ्या. आणि पॉलिसीच नको वाटली, तर मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात.

दुचाकी आणि अपघात

आत्ता इथे दुचाकीवर आलेले कितीजण आहेत? बरेच आहेत. तरुण वयात मृत्यूपेक्षाही घर जास्त खचवणारी गोष्ट म्हणजे माणूस वाचतो, पण कमाई थांबते आणि खर्च वाढतो. मेडिक्लेम रुग्णालयाचं बिल देतो. हात गेला, पाय गेला, तर पुढच्या पगाराचं काय, हे तो बघत नाही. त्यासाठी वैयक्तिक अपघात विमा असतो.

वाहनमालकासाठी १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे. तुमच्या दुचाकीच्या पॉलिसीत तो आहे का बघा, आणि तो लागू व्हायला वैध लायसन्स लागतं हेही लक्षात ठेवा. बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. त्याहून मोठं संरक्षण हवं असेल तर स्वतंत्र अपघात पॉलिसी मिळते. घेताना 'कायमचं अंशतः अपंगत्व' त्यात आहे का, हे विचारा.

आयुर्विमा कोणी घ्यायचा?

आता काकांच्या पॉलिसीकडे येऊ. आयुर्विम्याचा प्रश्न असा: उद्या मी नसलो तर पैशाने कोणाचं अडेल? उत्तर 'कोणाचंच नाही' असं असेल, वडील कमावते आहेत, कर्ज नाही, तर आज तुम्हाला आयुर्विम्याची घाई नाही. लग्न, मूल, घरकर्ज आलं की घ्या.

पण शैक्षणिक कर्ज असेल तर आज घ्या. त्या कर्जावर वडिलांची किंवा आईची सहकर्जदार म्हणून सही आहे. मोठ्या कर्जाला घर तारण असतं. मुलगा गेला तरी कर्ज जात नाही, ते निवृत्तीला आलेल्या बापाच्या नावावर राहतं. ज्यांनी आपल्या शिक्षणासाठी घर गहाण ठेवलं, त्यांच्यावर ही वेळ येऊ नये, यासाठी टर्म इन्शुरन्स, म्हणजे निव्वळ मुदतीचा विमा असतो. कर्ज देताना बँकेने सोबत विमा घेतला होता का, हे मंजुरीपत्रात आधी बघा.

किती रकमेचा? कर्ज नऊ लाख आहे आणि आईवडिलांना तुम्ही महिना १५,००० पाठवता, हे पुढची वीस वर्षं चालावं असं वाटतं. वीस वर्षांचे झाले ३६ लाख. अधिक नऊ, म्हणजे ४५. तर पन्नास लाखांचा घ्या. तंबाखू न खाणाऱ्या पंचविशीतल्या माणसाला एक कोटीचा टर्म विमासुद्धा साधारण महिन्याला हजार रुपयांच्या आसपास पडतो.

"पण टर्ममध्ये शेवटी काहीच परत मिळत नाही!" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. बरोबर आहे. मिळू नये अशीच आपली इच्छा असते. आता 'परत मिळणाऱ्या' पॉलिसीचं गणित करू. वर्षाला २४,००० रुपये, वीस वर्षं. भरले ४ लाख ८० हजार. शेवटी मिळाले समजा आठ लाख. ऐकायला छान वाटतं, पण व्याजाचा दर काढला तर तो साडेचार टक्क्यांच्या जरा वर बसतो. तेच पैसे पीपीएफमध्ये, एप्रिल २०२० पासून चालू असलेल्या ७.१ टक्क्यांनी धरले, तर साडेदहा लाखांच्या पुढे जातात. आणि वीस वर्षांत काही बरंवाईट झालं तर अशा पॉलिसीत संरक्षण किती? बहुधा पाच लाखांच्या आसपास. त्यात शैक्षणिक कर्जही फिटायचं नाही.

राहिला टॅक्स. नवी करप्रणाली आता आपोआप लागू होते आणि तिच्यात विम्याच्या हप्त्याची वजावट मिळत नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून त्या प्रणालीत पावणेतेरा लाखांपर्यंत पगार असणाऱ्याला तसाही आयकर नाही. तुमच्यातल्या बहुतेकांना वाचवायला टॅक्सच नाही! काकांना हे आदराने सांगता येतं: "काका, पॉलिसी तुमच्याकडूनच घेतो, पण टर्म आणि आरोग्य विमा द्या."

शेवटचं. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर त्याच्यासोबत ईडीएलआय नावाचा विमा मिळतो, जास्तीत जास्त सात लाखांचा, आणि त्याचा हप्ता मालक भरतो. पण ईपीएफओच्या संकेतस्थळावर नॉमिनी नोंदवलेला हवा. आज रात्री तेवढं करा. आणि सगळ्या पॉलिसींचे नंबर एका कागदावर लिहून आईकडे द्या. विमा आहे हे घरात कोणाला माहीतच नसेल, तर तो असून नसल्यासारखाच.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, मी रोज व्यायाम करतो, कुठलाच आजार नाही. मग आत्ता आरोग्य विमा कशाला?*

आजार नाही म्हणूनच आत्ता. निरोगी माणसाला पॉलिसी सहज मिळते. आजार झाल्यावर कंपनी नकार देऊ शकते किंवा हप्ता वाढवू शकते. आणि डेंग्यू होताना डास कोणाचा व्यायाम विचारत नाही.

*काकांची पॉलिसी आधीच घेतली आहे. दोन हप्ते भरलेत. काय करू?*

घाईने बंद करू नका. आधी टर्म आणि आरोग्य विमा सुरू करा, तो लागू झाल्यावर मग विचार करा. कंपनीकडून लेखी मागा: आज बंद केली तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून 'पेड-अप' केली तर मुदतीनंतर किती मिळतील. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांत एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरला असला तरी काही समर्पण मूल्य मिळतं. नुकसान होईल, पण दोन हप्त्यांचं नुकसान वाचवायला पुढचे अठरा भरायचे का, हा हिशेब तुम्ही करा.

*दावा नाकारला तर कोर्टात जायचं का?*

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार. नाकारण्याचं कारण पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली आहे, ते लेखी मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणं तिथे चालतात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं, एवढं लक्षात ठेवा.

*आईवडिलांची आणि माझी, दोन्ही पॉलिसी एकदम परवडत नाहीत. आधी कोणती?*

ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये तुम्ही आहात आणि ते नाहीत, तर आधी त्यांची. तेही त्यात असतील, तरी माझं उत्तर तेच. त्यांच्याकडे थांबायला तुमच्याइतका वेळ नाही.